मुलांच्या उंचीची शाळा : डॉ. मारिया माँटेसोरी

जून महिना आला की आपल्या घराघरांत दप्तरे, गणवेश आणि वह्या-पुस्तकांची धावपळ सुरू होते. मूल शाळेत रमेल का, यापेक्षा ते मागे तर पडणार नाही ना, याचीच काळजी आपल्याला अधिक असते. शाळा मुलासाठी असते याचा विसर पडतो आणि मूलच शाळेसाठी जन्मले आहे, असे आपण वागू लागतो. अशा वेळी एका कॅथलिक स्त्रीची आठवण करणे योग्य ठरेल. तिने मुलाला शाळेच्या मापाचे न करता शाळाच मुलाच्या मापाची केली.

मारिया माँटेसोरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाल्ले या गावी झाला. शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी तेव्हाची समजूत होती. मारियाने मात्र डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांना ते रुचले नाही. आई पाठीशी उभी राहिली. १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या महिला डॉक्टरांत त्यांची गणना होते.

रोममध्ये काम करताना मंदबुद्धी ठरवून टाकून दिलेली मुले त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, हे त्यांनी ओळखले. हाताळायला निरनिराळ्या वस्तू देऊन त्यांनी मुलांना शिकवले. त्यांतील काही मुले इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षेत उत्तीर्ण झाली. सगळीकडे कौतुक झाले, पण मारियांच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. ही मुले इतके करू शकतात, तर मग धडधाकट मुलांना आपल्या शाळा कोठे अडवून ठेवतात?

६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की ही मुले दिवसभर जिन्यांवर हुंदडत व भिंती खराब करीत. मारियांनी त्यांना शिस्त लावण्याआधी नुसते पाहिले. एकदा शिक्षिकेला यायला उशीर झाला, तेव्हा मुलांनी कपाट उघडून आपल्याला हवे ते साहित्य घेतले आणि कामाला सुरुवात केली. मारिया रागावल्या नाहीत. मुलांना काय हवे ते कळते, हे त्यांना उमगले. त्यानंतर मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली. टेबल-खुर्च्याही मुलांना उचलता येतील इतक्या हलक्या झाल्या. बक्षिसे आणि शिक्षा मागे पडल्या.

एके दिवशी त्यांनी रुमालाने नाक कसे पुसावे, हे मुलांना शांतपणे दाखवले. मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या! शेंबडे म्हणून सारेच हिणवत, पण न दुखावता शिकवणारे त्यांना प्रथमच कोणी भेटले होते.

बार्सिलोना येथील शाळेत त्यांनी हीच दृष्टी धर्मशिक्षणालाही लावली. तेथे मुलांसाठी लहान खुर्च्यांचे छोटे चॅपल होते. मिस्साच्या भाकरीसाठी आणि द्राक्षारसासाठी मुलांनी स्वतः गहू व द्राक्षे लावली होती. धर्मशिक्षण केवळ पाठांतरापुरते उरले नाही. मुले ते हातांनी जगू लागली.

या जीवनाला एक दुखरी बाजूही होती. १८९८ साली विवाहाबाहेर त्यांना मारियो हा मुलगा झाला. समाजाच्या भयाने त्याला खेड्यातील एका कुटुंबाकडे ठेवावे लागले. हजारो मुलांना समजून घेणारी ही आई आपल्या मुलाला पाहुणी म्हणून भेटत असे. तो पंधराएक वर्षांचा झाल्यावर तिच्याजवळ आला आणि पुढे आयुष्यभर तिचा सहकारी झाला. हे आम्ही दोष दाखवण्यासाठी लिहीत नाही. प्रत्येक मुलाला मान मिळावा ही त्यांची तळमळ किती खोल होती, हे यावरून समजते.

१९३९ साली मायलेक भारतात, मद्रासजवळील अड्यार येथे आले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारियोला अटकेत टाकले. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. युद्धकाळात त्यांनी येथे शेकडो शिक्षक घडवले. त्यांच्याच विचारांची प्रेरणा घेऊन ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साहित्याऐवजी तेथे शंख-शिंपले, बिया आणि पाने कामी आली.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये डॉ. माँटेसोरी देवाघरी गेल्या. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

प्रभू येशूने शिष्यांच्या मधोमध एक बालक उभे केले होते. आपण मात्र मधोमध गुणपत्रिका ठेवतो. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, अभ्यास झाला का असे विचारण्याआधी, आपले मूल कशात रमते हे घटकाभर त्याच्याजवळ बसून पाहू या. धर्मशिक्षणाच्या वर्गातही तसेच करू या. आपल्या मुलाच्या ठायी देवाने काय ठेवले आहे, ते पाहिल्याशिवाय आपल्याला कसे कळणार?