इंद्रायणीत सोडलेले हिशेब



यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहावे, असे मंडळाकडून सुचवण्यात आले, तेव्हा मी जरा बिचकलेच. मी व्यवसायाने डॉक्टर. एम.बी.बी.एस. भारतात केले आणि नंतर सिंगापूरला आले. रक्तदाब किंवा मधुमेहावर लिहायला सांगितले असते तर सोपे गेले असते. पण नाव सुचले ते एकच, तुकोबांचे. त्यांची गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकली होती. ती थोडीफार उमगायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

तुकोबांचा जन्म देहूचा, सर्वसाधारणपणे १६०८ हे साल मानले जाते. मोरे घराणे खाऊनपिऊन सुखी होते. व्यापार, सावकारी आणि गावची महाजनकी होती, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची विठ्ठलभक्ती होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, त्यामुळे तेराव्या वर्षाच्या सुमारासच दुकानाचा आणि वसुलीचा भार तुकोबांवर आला. म्हणजे आपले हे संत मुळात हिशेबात मुरलेले गृहस्थ होते, हे आपण विसरतो.

त्यांची पहिली पत्नी रखमाबाई हिला दमा होता. म्हणून वडिलांनी पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाईशी त्यांचे दुसरे लग्न लावून दिले. डॉक्टर म्हणून मी या तपशिलापाशी नेहमी थबकते. आज आपल्या पर्समध्ये मावणाऱ्या इनहेलरने जो जीव सावरला असता, त्याच्यासाठी त्या काळी घरच्यांच्या हातात फारसे काही नव्हते.

मग एकामागून एक घाव बसले. आईवडील गेले, भावजय गेली, सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. धंदा बुडाला, गुरे मेली, दिवाळे निघाले. रखमाबाई अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. पाठोपाठ तिचा मुलगा संतूही गेला. विशी नुकती ओलांडलेल्या तरुणाने सगळे सांभाळण्याचा आटापिटा केला आणि हातात काहीच राहिले नाही.

ते भंडारा डोंगरावर जाऊन बसू लागले. तिथे त्यांचे मन पालटले. चरित्रकार सांगतात की त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची सगळी खते इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळाने पिचलेल्या किती कुळांची त्या दिवशी सुटका झाली असेल!

पण वाचकहो, याचा अर्थ तुकोबा हातपाय गाळून बसले असा नाही. देहूच्या विठ्ठल मंदिराची पडझड झाली होती, ती त्यांनी अंगमेहनतीने दुरुस्त केली. संतांचे ग्रंथ पाठ केले, कीर्तनात टाळकऱ्यांमागे उभे राहिले, पुढे स्वतः अभंग रचू लागले. संसारही सुटला नव्हता. जिजाई बोलायची फटकळ, पण नवरा उपाशी राहू नये म्हणून भाकरी घेऊन रोज डोंगर चढायची. तुकोबांनी विठ्ठलावर भार टाकला खरा, पण देहूतल्या चुलीचा बराचसा भार या माउलीने उचलला, हेही सांगायला हवे.

खरी परीक्षा पुढेच होती. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांना शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगणे सहन झाले नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची वेळ तुकोबांवर आली. तीच नदी, पुन्हा कागदच. पण कर्जाची खते त्यांनी आपखुशीने सोडली होती. आता जे बुडाले ते विठ्ठलासाठीच केलेले, पोटच्या लेकरासारखे लिखाण होते. जे आपण होऊन सोडतो ते सोडणे तसे सोपे. जे हातातून काढून घेतले जाते ते सोडणे फार कठीण.

तुकोबांनाही ते सोपे गेले नाही. ते देवाच्या दारात शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस पडून राहिले. हा तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्याच अभंगात आहे. ते देवावर रुसले, भांडले. पुढे वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या, ही कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यानंतरचे अभंग जास्त हलवून गेले. त्यांत विजयाचा आनंद नाही, आहे तो पश्चात्ताप. आपण हट्टाला पेटून देवाचा अंत पाहिला, त्याला उगाच शिणवले, याचे त्यांना वाईट वाटते. पुढे रामेश्वर भट्टही त्यांचे शिष्य झाले. पण माझ्या मते तुकोबांचे सोडणे पूर्ण झाले ते या पश्चात्तापाच्या क्षणी. वह्या परत मिळाल्या आणि त्याच वेळी देवाला अट घालण्याचा हट्ट गळून पडला.

हे मला कधी कळले ते सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे वडील पुण्यात कोविडने आजारी पडले. प्रवासावर कडक निर्बंध होते, मला जाता येणे शक्य नव्हते. मी इथून दर दोन तासांनी फोन करायचे. ऑक्सिजन किती, ताप किती, कोणते इंजेक्शन दिले? सगळे वहीत लिहून तक्ता केला होता. जणू माझ्या वहीत आकडे नीट मांडले की तिकडे बाबांचा श्वास नीट चालेल! चौथ्या दिवशी धाकटा भाऊ शांतपणे म्हणाला की ताई, आकडे मी डॉक्टरांना विचारतो, तू बाबांशी बोल. त्या रात्री मी पहिल्यांदा वही मिटली. व्हिडिओ कॉलवर बाबांना बोलवत नव्हते. मीच बोलत राहिले, लहानपणीच्या देहूच्या सहलीबद्दल, आजीबद्दल. ते ऐकत होते. दोन दिवसांनी ते गेले. माझी वही काही कोरडी वर आली नाही. पण ते शेवटचे बोलणे झाले, ते वही मिटली म्हणून.

गैरसमज नको. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे गोळ्या बंद करणे नव्हे, हे मी माझ्या रुग्णांना बजावून सांगते. प्रयत्न आपले, त्यात कसूर नको. फळाची वही मात्र आपल्या हातात नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे विशेष अवघड जाते. मुलांचे शिक्षण, इथले घर, तिकडचे म्हातारे आईवडील, सगळ्यांचा बंदोबस्त आपणच करायचा, अशी सवय आपल्याला लागलेली असते.

१६५० मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन झाले. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखीसोहळा आजही देहूहून पंढरीला जातो. ज्याने स्वतःसाठी काही साठवले नाही, त्याचेच सारे टिकले.

आपण दरवर्षी हौसेने मखर सजवतो, मूर्तीची प्रेमाने पूजा करतो आणि ठरल्या दिवशी तीच मूर्ती आपल्या हाताने पाण्यात सोडतो. डोळे भरून येतात, तरी सोडतो. यंदा निरोप देताना आपापली एखादी जड वहीही बाप्पाबरोबर सोडून पाहू या.

रामकृष्ण हरि!