शिकाऊ वैमानिकांचे विमान घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे

आपल्या सांबऱ्याच्या विमानतळाचे आणि शिक्षणाचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने ही धावपट्टी बांधली. पुढे भारतीय हवाई दलाचे जवान घडवणारी शाळा तेथे उभी राहिली. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले. त्यांत जळगाव आणि कलबुर्गीच्या बरोबरीने बेळगावचे नाव होते. तेव्हापासून आमच्या शाळेतही मोठेपणी पायलट होणार असे सांगणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे.

मात्र वैमानिक व्हायचे म्हणजे आधी कुठल्या तरी विमानात बसून शिकायला हवे. ते विमान कसे असावे आणि ते कोणी तयार करावे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्वतंत्र भारतात या प्रश्नाचे पहिले उत्तर ज्यांनी दिले, ते निपाणीपासून फार दूरचे नव्हते. डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्यांचे नाव. विमानविद्येच्या क्षेत्रात हे नाव आजही आदराने घेतले जाते, आपल्या भागातील घराघरांत मात्र ते पोहोचलेले नाही. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर या गावी झाला. तेव्हा कोल्हापूर संस्थानावर शाहू महाराजांचे राज्य होते. राइट बंधूंनी पहिले विमान उडवले त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती, आणि हिंदुस्थानच्या आकाशात अजून एकही विमान उडालेले नव्हते. ते उडाले १९१० साली. म्हणजे विमानाच्या बाबतीत घाटगे आणि त्यांचा देश अगदी बरोबरीने मोठे झाले.

मुंबईत विज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन ते जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रांटल नावाचे प्राध्यापक होते. विमानविद्येत त्यांचे स्थान फार वरचे. त्यांचे काम काय, हे आपल्या वेदगंगेच्या काठी उभे राहिले तरी थोडेफार कळते. नदीचे पाणी मध्यभागी वेगाने वाहते, पण काठाला अगदी लागून ते जवळजवळ थांबलेले असते. विमानाच्या पंखावरून वाहणारी हवाही तशीच. पंखाला चिकटून हवेचा एक पातळ, मंद थर असतो. हा थर पंखाला धरून राहिला तर विमान तरंगते, आणि पंखापासून सुटला तर पंखाचा आधार जातो. प्रांटल यांनी १९०४ साली हे मांडले आणि विमानाचा पंख कसा असावा याचे खरे शास्त्र त्यातून उभे राहिले. अशा गुरूच्या हाताखाली काम करून घाटगे यांनी १९३६ साली पीएच.डी. मिळवली. तो काळ जर्मनीत हिटलरचा होता. ज्यू असल्यामुळे गटिंगेनच्या कित्येक नामवंत प्राध्यापकांना तीनच वर्षांपूर्वी घालवून देण्यात आले होते.

विमानविद्या शिकून घाटगे मायदेशी आले खरे, पण येथे विमानाचा कारखानाच नव्हता! तो निघाला १९४० च्या डिसेंबरात, बंगळूरला. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. घाटगे सुरुवातीच्या काळातच तेथे दाखल झाले आणि त्यांनी दहा माणसे बसतील असे एक ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान, तयार केले. पण युद्ध जवळ आले, १९४२ साली सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि लवकरच तेथे अमेरिकन लष्कराच्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. नव्या विमानाचा विचार करायला कोणाला सवड राहिली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि घाटगे तेथे शिकवू लागले. येथे थोडे विषयांतर करतो. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे भाषणांतून आणि निबंधांतून नेहमी येते. तिला भरवशाचा पुरावा नाही. या कथेबरोबर ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला देतात, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष १९७४ साली याच विज्ञान संस्थेतील विमानविद्येच्या अभ्यासकांनी काढला होता. आमच्या मते मराठी मुलांना अभिमान वाटावा असे खरे उदाहरण हाताशी असताना कथेच्या मागे जाण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, घाटगे पुन्हा विमान कारखान्यात रमले. या वेळी सरकारने त्यांच्यावर भारतीय बनावटीचे विमान तयार करण्याचे काम सोपवले. ते लढाऊ विमान नव्हते आणि प्रवासी विमानही नव्हते. शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनांचे साधे विमान हवे होते. हवाई दलाची मुले तेव्हा टायगर मॉथ नावाच्या कापडी, दुमजली पंखांच्या ब्रिटिश विमानावर शिकत. त्यानंतर आलेले प्रेन्टिस बंगळूरला जोडले जात असे, पण त्याचे आराखडे इंग्लंडचेच. आपल्या मुलांनी पहिली भरारी कशात घ्यायची, हे दुसरा देश ठरवत होता.

शिकाऊ माणसासाठी विमान करणे सोपे असेल असे वाटते. ते तसे नाही, आणि आमच्या मते घाटगे यांचे मोठेपण येथेच आहे. कसलेला वैमानिक वाईट विमानही सांभाळून आणतो. ज्याने आयुष्यात कधी दांडी हातात धरलेली नाही, त्याला मात्र विमानानेच सांभाळून घ्यावे लागते. तो धावपट्टीवर विमान आपटणार, दांडी एकदम ओढणार, वळताना वेग कमी होऊ देणार, हे सारे धरूनच आराखडा करावा लागतो. चाकांचे पाय धक्के सोसणारे हवेत. वेग फार कमी झाला तर विमानाने एकदम कोसळू नये, थरथरून आधी सूचना द्यावी. आणि इतके करूनही ते फार सोपे असून चालत नाही! सगळ्या चुका पोटात घालणाऱ्या विमानावर शिकलेला मुलगा पुढे वेगवान विमानात बसला की पहिल्याच चुकीला गारद होईल. थोडे शिस्तीचे, थोडे मायेचे, असे विमान हवे असते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

गिरकीचे उदाहरण घ्या. विमानाचे नाक फार वर गेले की पंखावरची हवा सुटते. एक पंख दुसऱ्याच्या आधी पडला तर विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येऊ लागते. त्या वेळी उलट्या बाजूच्या सुकाणूला पाय द्यायचा आणि दांडी पुढे करायची, हे वैमानिकाला शिकावेच लागते. शिकवायचे म्हणजे प्रशिक्षक मुद्दाम गिरकीत जाणार. तेव्हा त्या विमानाने गिरकीत गेले पाहिजे, आणि सांगितल्याबरोबर बाहेरही आले पाहिजे. शेपटीचा आकार आणि वजनाची मांडणी चुकली तर ते बाहेर येतच नाही.

दुसरी गोष्ट आसनांची. नव्या विमानात ती एकामागे एक होती आणि उड्डाणाची सगळी साधने दोन्हीकडे होती. सरळ उडणे, वळणे, चढणे, उतरणे, धावपट्टीभोवती फेऱ्या, असे शिकवून झाल्यावर एके दिवशी प्रशिक्षक खाली उतरतात आणि विद्यार्थ्याला एकट्याने जायला सांगतात. एका माणसाचे वजन कमी झालेले असते, म्हणून विमान नेहमीपेक्षा लवकर उचलते. त्या क्षणी तोल बिघडून चालत नाही. माणूस एक असो वा दोन, विमानाचा भार ठरलेल्या मर्यादेतच राहावा, हे गणित घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर आधीच सोडवायचे होते.

५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूरला कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी हे विमान प्रथम उडवले. त्याचे नाव एच.टी.-२, म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर. ते संपूर्ण धातूचे होते. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेदहा मीटरहून थोडी जास्त आणि वेग ताशी सुमारे दोनशे किलोमीटर. त्यात बसवलेले १५५ अश्वशक्तीचे इंजिन ब्रिटिश होते, हेही सांगायला हवे. इंजिन घडवण्याइतकी आपली तयारी तेव्हा नव्हती. विमान मात्र आपले होते.

एच.टी.-२ चे तिसरे चाक शेपटीखाली होते. त्यामुळे जमिनीवर विमानाचे नाक वर राही, चालवणाऱ्याला समोरचे दिसत नसे, आणि नागमोडी जात दोन्ही बाजूंनी डोकावून वाट पाहावी लागे. उतरताना लक्ष ढळले की शेपूट एकीकडे पळू बघे. अशा विमानावर पाय घट्ट होतात. १९५३ पासून ही विमाने हवाई दलाकडे जाऊ लागली आणि एकंदर सुमारे १७० तयार झाली. आपल्याच राज्यातील बिदरच्या तळावर कित्येक वैमानिकांनी आपले पहिले धडे त्यावर गिरवले. आफ्रिकेतील घाना देशाने १९५९ साली आपले हवाई दल उभारले तेव्हा बारा एच.टी.-२ भारताकडून घेतली. एच.टी.-२ हवाई दलात तीन दशकांहून अधिक काळ टिकले.

पुढे घाटगे यांनी १९५८ साली पुष्पक हे छोटे विमान दिले. पंख वर, खाली शेजारी शेजारी दोघे, आणि ९० अश्वशक्तीचे इंजिन. हे फ्लाइंग क्लबांसाठी होते. हवाई दलात न जाता उडायला शिकणारे विद्यार्थी आणि एन.सी.सी.च्या हवाई विभागातील महाविद्यालयीन मुले यांना आकाश दिसले ते पुष्पकमधून. रामायणातल्या पुष्पकात कितीही माणसे मावत असत म्हणे. यात दोघांतच जागा संपे! टेहळणीसाठी वापरले गेलेले कृषक त्याच सुमारास आले.

मग किरण. जेटचे युग आल्यावर शिकाऊ वैमानिकालाही जेट हवे झाले. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले हे विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी प्रथम उडवले. यात प्रशिक्षक आणि विद्यार्थी शेजारी बसतात, म्हणजे विद्यार्थ्याचा हात कुठे चुकतो ते प्रशिक्षकाला दिसते. सूर्यकिरण पथकाच्या कसरती आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिल्या असतील. बिदरचे हे पथक १९९६ पासून २०११ पर्यंत याच किरण विमानांवर कसरती करत असे. १९६५ साली सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

शिकाऊ विमान बिघडले तर काय होते, हे त्यांच्यानंतर देशाला दिसले. एच.टी.-२ च्या जागी आलेल्या एच.पी.टी.-३२ दीपक या विमानाला एकूण १७ अपघात झाले आणि १९ वैमानिक गेले. इंजिन हवेतच बंद पडण्याची त्याची खोड सुटली नाही. जुलै २००९ मधील अपघातानंतर ते कायमचे जमिनीवर ठेवण्यात आले. दुसरे विमान हाताशी नव्हते. तेव्हा स्वित्झर्लंडची विमाने २०१३ साली येईपर्यंत हवाई दलाच्या नव्या मुलांना पहिल्या दिवसापासून किरणवरच शिकवावे लागले. घाटगे यांच्या आराखड्याला तोवर जवळजवळ पन्नास वर्षे होत आली होती. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एच.टी.टी.-४० हे नवे प्रशिक्षण विमान तयार केले आणि २०२३ साली सरकारने अशा ७० विमानांचा करार केला. त्यांची बांधणी बंगळूर आणि नाशिक येथे ठरली.

बंगळूरला जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय आहे. तेथे एच.टी.-२ आणि किरण दोन्ही मांडून ठेवलेली आहेत. बंगळूर-म्हैसूरच्या शालेय सहलीत आपण लालबाग, विधानसौध आणि राजवाडा पाहतो. त्यातून अर्धा दिवस काढून या संग्रहालयाचा समावेश करावा, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे. तेथे गेल्यावर मुलांनी एच.टी.-२ च्या मागच्या बाजूला जाऊन ते शेपटीखालचे छोटे चाक जरूर पाहावे.