इरावतीबाईंची वाट

बारावीचा निकाल लागला की आमच्या राळेगावात घरोघरी एकच विषय. पोरीला यवतमाळला पाठवायचं की वर्ध्याला? नर्सिंग की बी.एस्सी.? आणि पोरगी म्हणते, माझं काही ठरतच नाही. मला अशा वेळी इरावती कर्वे आठवतात.

आपण त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतो. जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत आल्या. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये बी.ए. झाल्या, विषय तत्त्वज्ञान. मग मुंबईला डॉ. घुर्यांकडे समाजशास्त्र. लग्नानंतर १९२८ मध्ये बर्लिनला, तिथे मानववंशशास्त्र, म्हणजे चक्क कवट्या मोजायचं काम! आपल्याकडे कुणी असे विषय बदलले तर मावश्या-आत्या बोलून बोलून जीव नकोसा करतील. इरावतीबाईंचं जर्मनीला जाणं तर खुद्द सासऱ्यांना, महर्षी कर्व्यांनाही पसंत नव्हतं. नवरा दिनकरराव मात्र पाठीशी होते. गोऱ्यांची कवटी वेगळी, हे गुरूंचं म्हणणं मोजमापात उतरलं नाही. बाईंनी तसंच लिहिलं!

परतल्यावर महिला विद्यापीठात रजिस्ट्रारची नोकरी केली. खुर्ची, पगार, सगळं पक्कं. आईबापांना आणखी काय हवं असतं? पण बाई तिथे थांबल्या नाहीत. १९३९ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, डेक्कन कॉलेजात आल्या आणि तिथेच रुजल्या. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र दोन्ही तिथे कामी आलं. गावोगाव हिंडून माणसं मोजली, नातीगोती लिहून काढली. त्यावरचं पुस्तक १९५३ मध्ये निघालं. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९६८ मध्ये, तेव्हा बाई साठी ओलांडलेल्या होत्या.