बाबासाहेबांचा झगा

उपासक-उपासिकांनो, पदवीदानाचा झगा घातलेली बाबासाहेबांची तसबीर तुमच्या घरी असेल. तो झगा त्यांना कसा मिळाला, हे मुलांना सांगा.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेला भीमराव शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसे. शाळेचा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. हाच मुलगा 1913 मध्ये अमेरिकेस गेला, 1915 मध्ये एम.ए. झाला, 1922 मध्ये लंडनला बॅरिस्टर झाला, 1923 मध्ये डी.एस्सी. झाला. मग काळा झगा घालून तो मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला. आपला जिल्हा तेव्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, तेथील उस्मानिया विद्यापीठाने 1953 मध्ये त्यांना डी.लिट्. देऊन गौरविले.

पण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घेताना यातला एकही झगा त्यांच्या अंगावर नव्हता. शुभ्र वस्त्रे नेसून, हात जोडून त्यांनी चिवरधारी भदंत चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले. समोरचे लाखो लोकही पांढऱ्या वस्त्रांत होते. बुद्धकाळी भिक्खू टाकलेल्या चिंध्या शिवून चिवर करीत. धम्मात माणूस कापडाने मोठा होत नाही, शीलाने होतो.

येडशीच्या माता-पित्यांनो, झगा जातीने मिळत नाही, अभ्यासाने मिळतो. लग्नाच्या कपड्यांसाठी कर्ज काढून लेकीची शाळा बंद करू नका. तिला शिकवा आणि शीलही द्या. शीलावाचून झगा म्हणजे नुसते कापड.

जय भीम!