तिसरा रूळ: जोशुआ लायनेल कॉवेन आणि उलट्या पोलॅरिटीचा प्रश्न

मॉडेल रेल्वेचा साधा गोल ट्रॅक कुणालाही जमतो. दोन रूळ, दोन वायरी, की गाडी फिरायला लागते. गंमत सुरू होते ती गाडी वळवून परत त्याच मार्गावर उलट्या दिशेने आणायची हौस आली की. एक सांधा टाकायचा, पुढे मोठं वळण द्यायचं आणि रूळ परत त्याच सांध्याला आणून जोडायचे. वरून पाहिलं तर फुगा आणि त्याची दोरी. यातला शेवटचा तुकडा बसवला की पॉवरपॅक लगेच ट्रिप होतो. एकही वायर सुटलेली नसते, इंजिनही ठणठणीत असतं, तरी शॉर्ट! माझ्या ओळखीत हा छंद असलेले तीन-चार जण आहेत आणि त्या प्रत्येकाचा कधी ना कधी मला याच कारणासाठी फोन आलेला आहे.

कारण वायरिंगमध्ये नाही, भूमितीत आहे. डाव्या रुळावर बोट ठेवा आणि फुग्याभोवती पूर्ण फिरा. परत सांध्यापाशी याल तेव्हा तुमचं बोट उजव्या रुळाला जाऊन टेकलेलं असेल. डाव्या रुळात प्लस आणि उजव्यात मायनस असेल, तर तुम्ही स्वतःच्या हाताने प्लसला मायनस जोडलाय. याला 'रिव्हर्स लूप' म्हणतात.

अमेरिकेतल्या लाखो मुलांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण जोशुआ लायनेल कॉवेन या माणसाने त्यांना दोनऐवजी तीन रूळ विकले. त्याच्या निर्णयाचा हा हिशोब आहे. फायद्याचाही आणि तोट्याचाही.

पंखा चालला नाही, मोटर चालली

कॉवेनचा जन्म २५ ऑगस्ट १८७७ रोजी न्यूयॉर्कमधला. आई-वडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित आणि आडनाव कोहेन. ते बदलून त्याने १९१० मध्ये कॉवेन केलं. पोराचं लक्ष वर्गापेक्षा खटपटीत जास्त. कॉलेजात गेला, पण पदवी काही घेतली नाही. १८९९ मध्ये फोटोग्राफरांची फ्लॅश पावडर बॅटरीच्या मदतीने पेटवणाऱ्या उपकरणाचं पेटंट त्याने मिळवलं. तार तापवून पावडर पेटवायची, एवढीच युक्ती. अमेरिकन नौदलाला ती सुरुंगांसाठी सोयीची वाटली आणि चोवीस हजार फ्यूजांची ऑर्डर त्याच्याकडे आली. त्या पैशातून १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या मरे स्ट्रीटवर एका भागीदारासोबत त्याने कंपनी काढली आणि तिला स्वतःचंच मधलं नाव दिलं, लायनेल.

आता विकायचं काय? त्याने एक छोटा विजेचा पंखा बनवला होता, पण त्याचा वारा काही लागत नव्हता. मोटर मात्र चांगली फिरायची. ती त्याने एका लाकडी उघड्या डब्याखाली बसवली, लाकडी स्लीपरच्या खाचांत लोखंडी पट्ट्या उभ्या करून ट्रॅक केला आणि १९०१ मध्ये हा प्रकार एका दुकानदाराला शोकेससाठी विकला. फिरत्या डब्यात माल मांडला की रस्त्यावरचे लोक थांबून बघतील, अशी अपेक्षा होती. लोक थांबले, पण त्यांना डब्यातला माल नको होता. त्यांना डबाच हवा होता.

कॉवेन स्वतःच्या कथा रंगवून सांगण्यात पटाईत होता, त्यामुळे त्याच्या तरुणपणाच्या गोष्टी थोडं मीठ लावूनच ऐकाव्यात. विजेवरची खेळण्यातली गाडी आणणारा तो पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. सिनसिनाटीची कार्लाइल अँड फिंच ही कंपनी त्याच्या आधी काही वर्षं अशा गाड्या विकत होती, त्याही दोन रुळांवर चालणाऱ्या. कॉवेनचा पहिला ट्रॅकही दोनच रुळांचा होता आणि त्याला वीज मिळायची ती कोरड्या सेलमधून किंवा ॲसिडच्या ओल्या बॅटऱ्यांमधून.

१९०६

त्या वर्षी लायनेलने नवा ट्रॅक आणला. पत्र्याचे पोकळ रूळ, गेज सव्वादोन इंचांच्या थोडं आत आणि मधोमध तिसरा रूळ. गेजला नाव दिलं 'स्टँडर्ड'. बाजारात दुसरं कुणी ते वापरत नसताना त्यालाच स्टँडर्ड म्हणायचं, हा धीटपणा आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना अगदी ओळखीचा आहे.

तिसऱ्या रुळाने नेमकं काय होतं? वीज मधल्या रुळातून येते. इंजिनाच्या पोटाखालचा सरकता बूट किंवा रोलर ती उचलतो, ती मोटरमधून जाते आणि चाकांवाटे बाहेरच्या रुळांत परतते. बाहेरचे दोन्ही रूळ एकच. डावा-उजवा हा भेदच उरला नाही. आता मघाचा फुगा पुन्हा जोडा. डावा रूळ उजव्याला भेटला तरी दोघे एकाच वायरचे. मधला रूळ मधल्यालाच भेटतो. शॉर्ट होणार कुठून?

ही रचना आपल्याला अनोळखी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी १५०० व्होल्ट डीसीवर पहिली विजेची गाडी धावली. तिथेही वीज डोक्यावरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. मधला रूळ उचलून डोक्यावर टांगला की झाली लोकल. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचा विजेचा रूळ बाजूला होता. म्हणजे खऱ्या गाड्यांमध्येही डावा प्लस आणि उजवा मायनस अशी विभागणी कुणी करत नव्हतं. ती भानगड खेळण्यांची.

आणखी एक फायदा फुकटात मिळाला. बाहेरच्या दोन रुळांपैकी एकाचा छोटा तुकडा बाकीच्यांपासून इन्सुलेट करा. गाडी त्यावर आली की लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, सर्किट पूर्ण होतं आणि फाटक खाली येतं किंवा सिग्नल बदलतो. गाडी स्वतःच बटण. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये खऱ्या रेल्वेसाठी केलेल्या ट्रॅक सर्किटचा हा घरगुती भाऊ. दोन रुळांच्या मॉडेलमध्ये हे इतकं सोपं नाही, कारण तिथे प्रत्येक आसाची दोन्ही चाकं एकमेकांपासून इन्सुलेट करावीच लागतात. नाहीतर प्रत्येक डबा म्हणजे चालता-फिरता शॉर्ट.

मग गाडी मागे कशी न्यायची?

दोन रुळांच्या डीसी गाडीत हे सोपं असतं. मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, त्यामुळे प्लस-मायनसची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. लायनेलची मोटर वेगळी होती. तिच्यात चुंबकाच्या जागीही तारेचं वेटोळंच होतं. तुमच्या घरच्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची ती मोटर. मिक्सरचा टू-पिन प्लग उलटा घातला म्हणून पातं उलटं फिरत नाही, कारण आतल्या दोन्ही वेटोळ्यांतला प्रवाह एकदमच उलटतो. म्हणूनच ती एसीवरही मजेत चालते आणि घरातली वीज ट्रान्सफॉर्मरने उतरवून थेट रुळांना देता येते. पण मग दिशा बदलायची तर दोनपैकी एकच वेटोळं उलटं जोडायला हवं, आणि ते इंजिनाच्या आत आहे! सुरुवातीला इंजिनावर खटका असायचा. गाडी थांबवा, वाका, खटका ओढा.

यावरचं चांगलं उत्तर प्रतिस्पर्ध्याकडे होतं. कनेक्टिकटच्या आइव्हज कंपनीने १९२० च्या दशकात इंजिनात एक छोटा फिरता ड्रम बसवला होता. वीज क्षणभर बंद करून परत चालू केली की ड्रम एक घर पुढे सरकतो: पुढे, थांबा, मागे, थांबा, परत पुढे. आइव्हज १९२८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे लायनेलच्या ताब्यात आली, तिच्यासोबत हा ड्रमही आला. लायनेलच्या जगात तो ई-युनिट म्हणून प्रसिद्ध आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे चार घरांचं स्टेट मशीन, तेही पितळ आणि फायबरमध्ये. आणि त्याला स्टेट मशीनचा ठरलेला रोगही आहे. रुळावर कचरा आला, वीज क्षणभर तुटली, की ड्रमला वाटतं हुकूम आला. गाडी भलत्याच जागी थांबते. म्हणून ड्रम जागीच अडकवून ठेवायला एक खटका ठेवलेला असे. म्हणजे वाकणं पूर्णपणे गेलं नाहीच.

माझ्या सगळ्यात आवडीची युक्ती मात्र १९३५ ची, शिट्टीची. रुळांत आधीच एसी आहे आणि त्यावर गाडी पळतेय. आता चालत्या गाडीला शिट्टी वाजव हे सांगायचं कसं, तेही नवीन वायर न टाकता? लायनेलने कंट्रोलरमध्ये बटण दिलं. ते दाबलं की एसीवर थोडा डीसी चढतो. मोटरला त्याचं काही पडलेलं नसतं, पण इंजिनामागच्या टेंडरमध्ये एक रिले असतो जो एसीला दाद देत नाही आणि डीसी दिसला की ओढला जातो. त्याच तारेत वीजही आणि हुकूमही. आजची डिजिटल मॉडेल रेल्वे याच तत्त्वावर उभी आहे.

मधली वर्षं भराभर सांगतो. महामंदीत लायनेल बुडायला आली आणि १९३४ मध्ये कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरांकडे गेला. त्याच वर्षी मिकी आणि मिनी माउसची एक डॉलरची चावीची ढकलगाडी अडीच लाखांवर खपली. तिनेच कंपनी वाचवली असं सर्रास सांगितलं जातं. एक डॉलरच्या खेळण्यावर उरणारा नफा बघता ते मला पटत नाही. युद्धात खेळणी बंद झाली आणि कारखान्यात नौदलासाठी होकायंत्रासारखी उपकरणं बनू लागली. १९४३ मध्ये तर चक्क पुठ्ठ्याची गाडी विकली, जी जोडताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

दोन रूळ परत येतात

युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये ए. सी. गिल्बर्टने आपल्या अमेरिकन फ्लायर गाड्या दोन रुळांवर आणल्या. खरी रेल्वे दोन रुळांची असते, हा त्याच्या जाहिरातींचा सूर. मुद्दा खरा होता. कॉवेनचा ट्रॅक लांबूनही खेळणं दिसायचा. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. युद्धाआधी १९३८ मध्ये लायनेलने ओओ हे छोटं गेज काढलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा दोन रुळांचा प्रकारही आणला होता. पण युद्धानंतर त्याने तो परत काढला नाही आणि मुख्य मालाला हात लावला नाही. घरोघरी लाखो फूट तीन रुळी ट्रॅक पसरलेला असताना तो बदलायचा म्हणजे सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना तोडायचं. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात ती हीच. तेव्हापुरतं त्याचं बरोबरच ठरलं. १९५३ मध्ये विक्री तीन कोटी डॉलर्सच्या वर गेली.

हौशी मोठी माणसं मात्र एचओकडे वळत होती. १६.५ मिलिमीटर गेज, दोन रूळ, डीसी. त्यांनी हुबेहूबपणा निवडला आणि फुग्याचा प्रश्न अंगावर घेतला. त्यांचं उत्तर आजही तेच आहे. फुग्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे, म्हणजे एकूण चार कापे, आणि मधला तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब ठेवायचा. गाडी पूर्ण आत आली की मुख्य मार्गाची पोलॅरिटी सहा टोकांच्या डीपीडीटी स्विचने उलटवायची आणि मग गाडी बाहेर काढायची. तुकडा आखूड असेल तर गाडीचं डोकं एका कापावर आणि शेपूट दुसऱ्यावर येतं. मग धातूच्या चाकांनी दोन्हीकडे पूल बांधला, की परत शॉर्ट. डीसीसीवर हे काम ऑटो-रिव्हर्सर करतो. तिथे गाडीची दिशा रुळांच्या पोलॅरिटीवर नाही, तर हुकुमावर ठरते. त्यामुळे गाडी चालू असतानाच लूपची बाजू उलटली तरी तिला पत्ता लागत नाही. मोठ्या लेआउटवर लपलेला लूप शोधायचा असेल तर कागदावर आराखडा काढून एक रूळ लाल आणि दुसरा निळा रंगवत जा. लाल जिथे निळ्याला भेटेल तिथे कापा.

लायनेलनेही १९५७ मध्ये एचओ विकायला घेतलं, पण तोवर उशीर झाला होता. मुलं टीव्हीसमोर बसली होती. कॉवेनने १९५९ मध्ये आपले शेअर्स विकले. घेणाऱ्या गटाचा म्होरक्या होता त्याच्याच नात्यातला वकील रॉय कोहन. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्लोरिडातल्या पाम बीचमध्ये कॉवेन गेला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

जर्मनीच्या मेर्कलिनने १९५० च्या दशकात मधला रूळ काढला आणि स्लीपरमध्ये बारीक टोचे बसवले. इंजिनाखालची लांब पट्टी त्यांवरून घसरत वीज घेते. लांबून बघाल तर दोनच रूळ दिसतात. फुगा जोडा, शॉर्ट होत नाही. लायनेलने हे केलं नाही. त्यांचा ओ गेजचा ट्रॅक आजही तीन रुळांचाच मिळतो.