ज्वराची रेषा वाचणारे वुंडरलिख

घरात कोणाचे अंग गरम लागले, की आई प्रथम त्याच्या कपाळावर हात ठेवते आणि मग थर्मामीटर, म्हणजे उष्णतामापक, आणून त्याच्या काखेत लावते. आकडा पाहून डॉक्टरांकडे जावयाचे की नाही, हे ती ठरविते. ही गोष्ट आज इतकी साधी झाली आहे, की तिच्यामागे कोणाचे कष्ट असतील असे आपल्या मनातही येत नाही. परंतु १८५० सालापर्यंत युरोपातील मोठमोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरसुद्धा बहुधा हाताच्या स्पर्शावरूनच ताप ओळखीत असत. उष्णतामापक रोग्याच्या उशाशी नेऊन ज्यांनी त्याला वैद्यकात कायमचे स्थान मिळवून दिले, ते डॉक्टर म्हणजे जर्मनीतील कार्ल वुंडरलिख हे होत.

वुंडरलिख यांचा जन्म ४ ऑगस्ट १८१५ रोजी नेकार नदीच्या काठी असलेल्या झुल्त्स या लहानशा गावी झाला. त्यांचे वडीलही डॉक्टर होते. कार्ल यांचे शालेय शिक्षण श्टुटगार्ट शहरात झाले आणि पुढे ट्यूबिंगेन येथील विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. रोझर आणि ग्रिझिंगर हे दोन बुद्धिमान तरुण त्यांचे मित्र होते. तिघेही वैद्यकाचेच विद्यार्थी. आपण शिकतो त्यातील खरे किती आणि कल्पनेचे किती, या प्रश्नाने तिघांनाही पछाडले होते.

त्या काळी जर्मनीतील अनेक डॉक्टर रोगासंबंधी मोठमोठे सिद्धांत मांडीत. पण ते सिद्धांत रोग्याला तपासून पडताळून पाहावेत, असे फारच थोड्यांना वाटे. शिक्षण संपल्यावर वुंडरलिख पॅरिस आणि व्हिएन्ना येथे गेले. तेथील विशाल रुग्णालयांत त्यांना निराळे दृश्य दिसले. डॉक्टर रोग्याच्या छातीला नळी लावून श्वासाचा आवाज ऐकत, बोटांनी छाती ठोकून पाहत आणि जे आढळेल ते नीट लिहून ठेवीत. हे सारे पाहून तरुण वुंडरलिख यांचा निश्चय झाला. निरोगी शरीर जसे निसर्गाच्या नियमांनी चालते, तसेच रोगी शरीरही नियमांनीच चालत असले पाहिजे आणि ते नियम शोधून काढणे हेच डॉक्टरांचे काम आहे, असे त्यांना वाटू लागले. या दोन शहरांतील वैद्यकावर त्यांनी १८४१ साली एक पुस्तक लिहिले. पुढील वर्षी मित्रांच्या साहाय्याने त्यांनी एक नियतकालिक काढले आणि त्यातून जुन्या निराधार कल्पनांवर निर्भयपणे टीका केली. १८५० साली लाइपझिग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलाविले. तेथील सेंट जेकब रुग्णालय हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

त्या काळी ज्वर हा स्वतःच एक रोग आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. अंग तापले, की रोग्याला ज्वर झाला असे म्हणावयाचे आणि तो उतरविण्याचे उपाय करावयाचे. पण एकाचा ताप दोन दिवसांत जातो, दुसऱ्याचा तीन आठवडे हटत नाही आणि तिसऱ्याला दिवसाआड हुडहुडी भरते, हे कसे? हाताच्या स्पर्शाला याचे उत्तर देता येत नव्हते. डॉक्टरांचा हात थंड असला तर रोगी अधिक तापलेला वाटे, हात गरम असला तर कमी. शिवाय कालच्या स्पर्शाची आजच्या स्पर्शाशी तुलना तरी कशी करणार?

उष्णतामापक ही काही वुंडरलिख यांनी लावलेला शोध नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सांतोरिओ या वैद्यांनी शरीराची उष्णता दाखविणारे उपकरण वापरले होते. पुढे फॅरनहाइट यांनी पाऱ्याचा उष्णतामापक तयार केला. बर्लिनमधील ट्राउबे यांच्यासारखे काही डॉक्टर रोग्यांची उष्णता मोजूही लागले होते. पण हे प्रयत्न तुरळक होते. साऱ्या रुग्णालयातील प्रत्येक रोग्याची उष्णता रोजच्या रोज, वर्षानुवर्षे मोजावयाची, हा वुंडरलिख यांचा संकल्प अगदीच निराळा होता.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. त्या वेळचा उष्णतामापक सुमारे एक फूट लांब असे. तो काखेत धरून पंधरा ते वीस मिनिटे स्थिर बसावे लागे. बाहेर काढताच पारा खाली उतरत असल्यामुळे काखेत असतानाच आकडा वाचावा लागे. वीस मिनिटांच्या हिशेबाने एकाच उष्णतामापकाने दहा रोगी तपासावयाचे, तर तीन तासांहून अधिक वेळ लागणार! शिवाय सकाळी एकदा मोजून भागत नसे. निदान सकाळ-संध्याकाळ आणि ताप जास्त असेल तर दिवसातून चार-सहा वेळा मोजणे आवश्यक होते. इतका वेळ कोणाजवळ आहे, असे अनेक डॉक्टरांना वाटे. अनुभवी हाताला काचेच्या नळीची गरज काय, असेही काहीजण विचारीत. वुंडरलिख यांनी यावर साधा मार्ग काढला. मोजण्याचे काम नीट शिकविलेल्या साहाय्यकांनी करावे आणि आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनी लावावा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली.

प्रत्येक रोग्यासाठी एक तक्ता असे. त्यावर आडवे दिवस आणि उभे अंश मांडलेले असत. प्रत्येक मोजणीच्या जागी एक टिंब द्यावयाचे आणि टिंबे रेषेने जोडावयाची. असे शेकडो तक्ते जमल्यावर एक आश्चर्यकारक गोष्ट ध्यानात आली. माणसे निरनिराळी, वये निरनिराळी. पण रोग एक असला, की रेषेचे वळण बहुधा एकाच प्रकारचे! विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये, ताप पायऱ्या चढावा तसा चढे. संध्याकाळी सुमारे एक अंश वर, सकाळी अर्धा अंश खाली, पुन्हा संध्याकाळी एक अंश वर. पुढे तो बरेच दिवस उंचावर राही आणि मग हळूहळू उतरे. न्यूमोनियात ताप एकदम उसळे, काही दिवस तसाच राही आणि सुमारे सातव्या दिवशी अचानक खाली कोसळे. हिवतापाची रेषा तर डोंगरांच्या रांगेसारखी दिसे. शिखर, दरी आणि ठरलेल्या अंतराने पुन्हा शिखर!

या रेषांचा उपयोग रोग ओळखण्यासाठी होऊ लागला. पहिल्याच दिवशी ताप ४० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचला असेल, तर तो विषमज्वर नसावा, असे वुंडरलिख सांगू शकत. बरा होत असलेल्या रोग्याची रेषा अकस्मात वर वळली, तर काही नवे संकट येत आहे, हे रोग्याच्या चेहऱ्यावर दिसण्यापूर्वीच कळे. ज्या काळी विषमज्वराने असंख्य माणसे दगावत, त्या काळी अशा पूर्वसूचनेचे मोल फार मोठे होते. विशेष हे, की या रोगांचे जंतू तेव्हा कोणीही पाहिलेले नव्हते. विषमज्वराचा जंतू आणि हिवतापाचा परोपजीवी हे दोन्ही १८८० साली प्रथम आढळले. कारण दृष्टीआड असतानाही केवळ चिकाटीने केलेल्या मोजणीमुळे एक ताप दुसऱ्यापासून वेगळा काढता आला.

अशा रीतीने वुंडरलिख यांनी सुमारे २५,००० रोग्यांच्या नोंदी जमविल्या. मोजण्यांची संख्या दहा लाखांहून अधिक भरली. त्या सर्वांचे सार सांगणारा त्यांचा ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला. ज्वर हा स्वतंत्र रोग नसून शरीरात चाललेल्या रोगाचे ते चिन्ह आहे, हा विचार त्यांनी त्यात भक्कम पुराव्याने मांडला. निरोगी माणसाच्या शरीराची उष्णता सरासरी ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट असते. पहाटे ती सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत अधिक असते, हेही त्यांनी दाखविले. १८७१ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. इंग्लंडमधील ऑलबट या डॉक्टरांनी १८६७ च्या सुमारास सहा इंच लांबीचा, पाच मिनिटांत उष्णता दाखविणारा उष्णतामापक तयार केला होता. त्यामुळे वेळेची अडचणही दूर झाली आणि उष्णतामापक डॉक्टरांच्या खिशात जाऊन बसला. २५ सप्टेंबर १८७७ रोजी लाइपझिग येथे वुंडरलिख यांचे निधन झाले.

त्यांनी दिलेला सरासरीचा आकडा शंभराहून अधिक वर्षे कोणी फारसा तपासून पाहिला नाही. १९९२ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी १४८ निरोगी माणसांची उष्णता मोजली, तेव्हा सरासरी ३६.८ अंश, म्हणजे किंचित कमी भरली. वुंडरलिख यांचा म्हणून जतन केलेला एक उष्णतामापक तपासला असता तो खऱ्या उष्णतेपेक्षा अधिक आकडा दाखवितो, असेही आढळले. यामुळे त्यांची थोरवी उणावते काय? मुळीच नाही. कोणाचेही म्हणणे, मग तो कितीही मोठा असो, प्रत्यक्ष मोजून पडताळून पाहावे, हीच त्यांची शिकवण होती. त्यांचा आकडा ज्यांनी सुधारला, त्यांनी तो त्यांच्याच मार्गाने जाऊन सुधारला.

आज प्रभावी औषधांमुळे बहुतेक ताप आपली रेषा पुरी करण्यापूर्वीच उतरतात. पाऱ्याच्या नळीऐवजी विजेरीवर चालणारी उपकरणेही आली आहेत. तरीही रुग्णालयात रोग्याची उष्णता ठरावीक वेळी मोजून नोंदविण्याचा नेम अजून सुटलेला नाही. लाइपझिगच्या त्या रुग्णालयात वीस-वीस मिनिटे शांतपणे पाऱ्याकडे पाहत बसलेल्या माणसांनी ही शिस्त जगाला दिली आहे.