दोन्ही बाजूंना नकोसा झालेला इंजिनिअर

हूवर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते धरणामुळे. कोलोरॅडो नदीवरचं हूवर धरण सिव्हिलच्या पोरांना माहीत असतं, कारण त्याचं काँक्रीट थंड करायला आत पाइप घालून गार पाणी फिरवलं होतं. ज्यांनी थोडंफार अर्थशास्त्र वाचलंय त्यांना १९२९ च्या महामंदीत सपशेल हरलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आठवतो. मलाही एवढंच ठाऊक होतं. पण हा माणूस मुळात आपल्याच जातकुळीचा, म्हणजे इंजिनिअर होता, आणि ऐन युद्धात दोन्ही बाजूंशी भांडून त्याने लाखो मुलांपर्यंत जेवण पोचवलं, हे कळल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. त्यातलं जे मनात राहिलं ते इथे लिहितोय.

हर्बर्ट हूवर यांचा जन्म १० ऑगस्ट १८७४ चा, आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच या खेड्यातला. वडील लोहार. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्धाला विरोध आणि साधी राहणी. हर्बर्ट सहा वर्षांचा असताना वडील गेले, नऊ वर्षांचा असताना आई. पोरका मुलगा दूर ऑरेगनमध्ये मामाकडे वाढला. १८९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झालं, त्याच्या पहिल्याच बॅचमध्ये तो शिरला आणि १८९५ ला भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. तेव्हाही मंदीच होती. त्यामुळे पदवी खिशात आणि काम काय, तर कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणीत खनिजाच्या ट्रॉल्या ढकलणं! प्लेसमेंटची काळजी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८९७ मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या खाणींवर गेले, १८९९ मध्ये लू हेन्रीशी लग्न करून चीनला. लू हीसुद्धा स्टॅनफर्डची भूगर्भशास्त्राचीच पदवीधर. १९०० च्या बॉक्सर बंडात तिआनत्सिन शहराला वेढा पडला, त्यात हे दोघं अडकले होते. पुढे नवराबायकोने मिळून ॲग्रिकोला या सोळाव्या शतकातल्या लेखकाचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला, तो १९१२ मध्ये छापला गेला. १९१४ मध्ये हूवर लंडनला होते. वय चाळीस, जगभर खाणी, हाताशी भरपूर पैसा. आणि ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

जर्मनीने बेल्जियम ताब्यात घेतला. बेल्जियम म्हणजे कारखान्यांचा, दाट वस्तीचा देश. त्याच्या अन्नधान्याचा फार मोठा भाग बाहेरून यायचा. आता बाहेरून काही येईना, कारण ब्रिटनच्या आरमाराने समुद्र अडवलेला. सत्तर लाखांवर लोक मध्ये सापडले. ब्रिटनचं म्हणणं असं, की ज्याने देश घेतला त्याने तिथल्या लोकांना जेवू घालावं. आम्ही धान्य सोडलं तर ते जर्मन सैनिकांच्या पोटात जाईल. जर्मनीचं म्हणणं असं, की उपासमार तुमच्या नाकेबंदीमुळे होतेय, आमच्या अंगाला कशाला लावता? गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर दिसत होतं. मरणार होती ती मुलं मात्र कुठल्याच कागदावर नव्हती.

ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियम मदत आयोग सुरू झाला आणि हूवर त्याचे प्रमुख झाले. पगार घ्यायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलं. तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, ती तटस्थ होती, हे त्यांचं एकमेव भांडवल. बेल्जियममधल्या वाटपाची बाजू पाहणारे एमिल फ्रांकी हे त्यांचे जुने ओळखीचे, पण ओळख चीनमधल्या एका खाण कंपनीच्या भांडणातली. दोघांनी जुनं उकरून काढलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्याकडे गॅदरिंगच्या कमिटीत मागच्या वर्षीच्या भांडणावरून दोन जण एका खोलीत बसत नाहीत.

आता खरी कसरत. हूवर युद्धाच्या काळात उत्तर समुद्र वारंवार ओलांडत राहिले. लंडनला जाऊन सांगायचं, की धान्याचा दाणाही जर्मनांच्या हाती जात नाही, हा घ्या हिशेब. मग बर्लिन आणि ब्रुसेल्सला जाऊन आश्वासन मिळवायचं, की आलेल्या धान्याला सैन्य हात लावणार नाही. पुढे तर स्थानिक पिकालाही हात लावू नये असं मान्य करून घ्यायचं. ते आश्वासन घेऊन परत लंडनला. लंडनमध्ये चर्चिल आणि किचनर यांना ही मदत मुळीच पसंत नव्हती. १९१५ च्या सुरुवातीला लॉइड जॉर्ज यांचं मन वळलं आणि मग सरकारी पैसा नियमित मिळू लागला. जर्मन अधिकारी आयोगाच्या माणसांना ब्रिटिशांचे हेर समजायचे, ब्रिटिश त्यांना जर्मनांचे हस्तक समजायचे. दोन्ही बाजू नाराज आहेत म्हणजे आपण मध्यावर उभे आहोत, असा हिशेब कदाचित हूवर यांनी केला असावा.

ही भूतदया होती हे खरं, पण वाटाघाटी भूतदयेवर चालल्या नाहीत. दोन्ही पक्षांना तटस्थ अमेरिकेतलं लोकमत आपल्या बाजूला हवं होतं. ताब्यातल्या प्रदेशात भुकेचे दंगे होणं जर्मनीलाही परवडणारं नव्हतं. हूवर यांनी प्रत्येकाला काय हवंय ते ओळखलं आणि तिथेच पाचर मारली. मशीनमध्ये जोर कुठे लावायचा हे ज्याला कळतं, त्याला हे कळणारच.

दुसरं म्हणजे विश्वास ठेवा असं ते कुणाला सांगत बसले नाहीत, त्यांनी तपासणीची पद्धतच बसवली. जहाजांवर आयोगाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. माल रॉटरडॅमला उतरायचा, तिथून कालव्यातल्या पडावांतून बेल्जियममध्ये जायचा. पिठाच्या सुती पोत्यांचासुद्धा हिशेब असायचा, कारण कापसापासून स्फोटकं बनतात. रिकामी पोती बेल्जियन बायकांना भरतकामासाठी दिली गेली, ती आजही संग्रहालयांत आहेत. देखरेखीला तरुण अमेरिकन हवे होते. सुरुवातीच्या तुकडीत ऑक्सफर्डला शिकणारे ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे विद्यार्थी होते. म्हणजे वयाने आपल्याएवढीच पोरं! त्यांना एकच अट, डोळ्यांसमोर काहीही घडलं तरी कुणाची बाजू घ्यायची नाही. शाळांमधून मुलांना रोज जादा जेवण मिळायचं. पुढे उत्तर फ्रान्सचाही व्याप्त भाग जोडला गेला आणि रोजची संख्या नव्वद लाखांच्या वर गेली. पाणबुड्यांनी आयोगाची जहाजंही बुडवली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर आतलं काम स्पॅनिश आणि डच लोकांकडे गेलं, पण ते थांबलं नाही. एकूण ५० लाख टनांहून जास्त अन्न पोचलं आणि कारभाराचा खर्च एक टक्क्याहूनही कमी होता.

११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, नाकेबंदी मात्र उठली नाही. उपाशी होती ती आता शत्रूची मुलं. मार्च १९१९ मध्ये ब्रुसेल्सला करार झाला, जर्मनीने व्यापारी जहाजं द्यायची आणि अन्न घ्यायचं. त्यामागे हूवर यांची खटपट मोठी होती. जर्मन मुलांना जेवू घालण्याचं काम पुढे क्वेकर मंडळींनी त्यांच्याच मदतीने केलं. अमेरिकेत या गोष्टीवरून त्यांना बोलणी खावी लागली.

सगळ्यात अवघड परीक्षा रशियात झाली. १९२१ मध्ये व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. जुलैमध्ये लेखक मॅक्सिम गॉर्की यांनी जगाकडे मदत मागितली. हूवर तेव्हा अमेरिकेचे वाणिज्यमंत्री होते आणि बोल्शेविकांचे कट्टर विरोधक. तरी त्यांनी उत्तर दिलं, पण अटींसह. रिगा शहरात दहा दिवस घासाघीस झाली. सोव्हिएत बाजूला लिटविनॉव्ह होते. वाटप कोण करणार, माणसं कोण निवडणार, हा वादाचा मुद्दा. २० ऑगस्ट १९२१ ला सही झाली. रशियातल्या कैदेतले अमेरिकन सोडायचे. मदत संस्थेची माणसं कुठेही फिरू शकतील, स्थानिक कर्मचारी संस्थाच निवडेल. रेल्वे आणि गोदामं सोव्हिएत सरकार फुकट देईल. बदल्यात संस्था राजकारण आणि व्यापार करणार नाही, आणि जेवण देताना वंश, धर्म, वर्ग पाहणार नाही.

करार झाला म्हणजे काम झालं असं नसतं. गुप्त पोलिसांनी संस्थेच्या रशियन कर्मचाऱ्यांना पकडलं. १९२२ च्या वसंतात रेल्वे तुंबली आणि मक्याच्या वाघिणी जागच्या जागी अडकल्या. तेव्हा तिथले प्रमुख कर्नल हॅस्केल यांनी हूवर यांना तार केली, की पुढची जहाजं थांबवा. ही तार मुद्दाम सांकेतिक भाषेत न लिहिता साध्या भाषेत पाठवली, म्हणजे सोव्हिएत अधिकाऱ्यांना ती वाचता यावी! मात्रा लागू पडली. रेल्वेचं खातं सांभाळणाऱ्या झेर्झिन्स्कींनी लक्ष घातलं आणि गाड्या हलल्या. ऑगस्ट १९२२ मध्ये रोज एक कोटीच्या वर लोक जेवत होते, त्यात चाळीस लाखांहून जास्त मुलं.

या स्वयंपाकघरांचा एक नियम वाचून मी थांबलो. मुलाने कार्ड दाखवायचं आणि तिथेच बसून जेवायचं. घरी न्यायचं नाही. कारण घरी नेलं तर ते वाटलं जाणार, आणि मुलाच्या पोटात पुरेसं पडणार नाही. हिशेब अगदी बरोबर आहे. पण घरी आई उपाशी असताना त्या पोराने घास कसा गिळला असेल? मेसमध्ये भाजीवरून नाक मुरडताना मला हल्ली हा नियम आठवतो.

आणखीही काही आहे जे सरळ बसत नाही. या मदतीमुळे सोव्हिएत राजवट टिकायला हातभार लागला, असं अनेकांना वाटत आलं आहे. १९२२ च्या शेवटी सरकारने धान्य निर्यात करायचं ठरवलं, तेव्हा हूवर संतापले. तरी मुलांची स्वयंपाकघरं लगेच बंद झाली नाहीत, संस्था जून १९२३ मध्ये परतली. सरकार वाईट म्हणून त्याच्या मुलांना उपाशी ठेवायचं का? हूवर यांचं उत्तर नाही असं होतं, आणि त्याची किंमत त्यांना माहीत होती.

पण हाच माणूस १९२९ ते १९३३ राष्ट्राध्यक्ष असताना स्वतःच्या देशातल्या बेकारांना केंद्र सरकारने थेट पैसे द्यायला विरोध करत राहिला. लोकांनी झोपडपट्ट्यांना त्याचं नाव दिलं. मला हे कोडं सुटलेलं नाही, आणि मी ते सुटल्यासारखं दाखवणार नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बेल्जियमसारखीच योजना पुन्हा मांडली, पण आता चर्चिल पंतप्रधान होते. दार उघडलं नाही. म्हणजे पद्धत कितीही चांगली असली तरी समोरच्याची गरज नसेल तर ती चालत नाही.

१९४६ मध्ये ट्रुमन यांनी सत्तरी ओलांडलेल्या हूवर यांना जगभरच्या अन्नटंचाईचा अंदाज घ्यायला पाठवलं. ३८ देश, त्यात भारतही होता. बरोबर मॉरिस पेट होते, बेल्जियम आणि पोलंडमध्ये त्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला युनिसेफ सुरू झाली. ती हूवर यांची नव्हे, पोलंडच्या रायखमन यांच्या पुढाकाराने झालेली. पण तिचे पहिले संचालक पेट झाले, आणि त्यांनी एक अट घातली, हरलेल्या शत्रुदेशांच्या मुलांनाही मदत मिळाली पाहिजे. ही अट कुठून आली ते आता वेगळं सांगायला नको. हूवर २० ऑक्टोबर १९६४ ला वारले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी.

जाता जाता एक. खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी इंडिया मार्क टू हातपंपाचं पाणी प्यायलंय. तो पंप सोलापूर पंपावरून सुधारून तयार झाला आणि त्यामागे युनिसेफचं पाठबळ होतं. गावी गेलात तर त्या पंपाचा दांडा एकदा हातात घेऊन बघा. बेल्जियमपासून आपल्या गावापर्यंतचं अंतर मला तरी तेव्हापासून कमी वाटायला लागलंय.